दोनशे युनिटांच्या आत घर कसे बसवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल हाती पडले की बहुतेक घरांत आधी रक्कम पाहिली जाते. खरे तर आधी युनिटांचा आकडा पाहावा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत मागील सरासरीवरून ठरलेल्या मर्यादेपर्यंत वीज मोफत मिळते आणि त्यापुढे 200 पर्यंत केवळ जादा युनिटांचे पैसे द्यावे लागतात, परंतु 200 च्या वर एक युनिट जरी गेला तरी त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. बिलातील कन्नड वाचता येत नसेल, तर चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करावे. तोच आपला वापर.

त्यानंतर प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि रोजचे तास गुणून 1000 ने भागावे, म्हणजे त्याचे रोजचे युनिट निघतात. जुना पंखा साधारण 75 वॅटचा असतो. रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट जातात. 28 वॅटच्या बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरच्या) पंख्याला तेवढ्याच वेळात जेमतेम 10 लागतात. असे तीन पंखे बदलले की महिन्याला पन्नासएक युनिट वाचतात. म्हणून हाताशी पैसे थोडे असतील तर फ्रिजच्या आधी पंखे बदलावेत आणि त्यातही जो सर्वांत जास्त वेळ फिरतो तो पहिला, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रिज बदलण्यापूर्वी त्याच्या दारात कागदाचा तुकडा धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झाले आहे, आणि रबर बदलण्याचा खर्च नव्या फ्रिजच्या मानाने किरकोळ असतो. नवा घ्यायचाच असेल तर केवळ वीजबचतीचे तारे मोजू नयेत; लेबलवरील वर्ष आणि वार्षिक युनिट पाहावेत, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या मालावरील पाच तारे आजच्या पाचांइतके नसतात.

आपल्याकडे पावसाळा लागल्यापासून थंडी सरेपर्यंत गिझर चालतो. 2000 वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. त्यावरील तारे टाकीतून उष्णता किती कमी निसटते एवढेच सांगतात. पाणी तापवायला लागणारी वीज त्याने कमी होत नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट 50 अंशांच्या आसपास ठेवावा, आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्यात आणि गच्ची मोकळी असेल तर सौर बंबाचा विचार करावा.

रीडिंग घेतले जाते त्या दिवशी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावा. वापर शंभराच्या पुढे गेलेला दिसला, तर उरलेल्या पंधरवड्यात गिझर आणि इस्त्रीवर हात आखडता घ्यायला अवधी मिळतो.