पहिल्या पीसीवर नेट आहे पण दुसऱ्यावर येत नाही? कुठे अडलंय ते असं शोधा

घरात दोन जुने पीसी आहेत, नेटची वायर त्यातल्या एकालाच लागलेली आहे आणि त्याच्याकडून दुसऱ्याला नेट द्यायचंय, असा सेटअप अजून बऱ्याच जणांकडे आहे, माझ्याकडे पण कितीतरी वर्षं होता. चालतो तेव्हा काहीच त्रास नसतो, पण एक दिवस दुसऱ्यावर नेट गायब होतं आणि मग माणूस घाईघाईत दिसेल ती सेटिंग बदलत सुटतो, तासाभरानं मूळ बिघाड कुठला आणि आपण नवीन काय करून ठेवलं तेच कळत नाही. म्हणून आधीच सांगतो, वायरपासून सुरू करा, एकेक टप्पा तपासत पुढे जा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा.

ज्याला नेट थेट येतं त्याला पहिला म्हणू आणि त्याच्याकडून ज्याला मिळतं तो दुसरा. सगळं विंडोज एक्सपी आणि विंडोज सेव्हन धरून सांगतोय. कमांड मी इथे मराठी अक्षरात लिहितोय, पण टाईप इंग्रजीतच करायच्या.

आधी पहिल्यावर नेट नीट चालतंय का ते बघा, तिथेच नसेल तर दुसऱ्याला हात लावू नका. आणि पहिला जागा आहे ना तेही बघा, कारण तो स्टँडबायला गेला की दुसऱ्याचं नेट त्याच क्षणी जातं, पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन स्टँडबाय किंवा स्लीपला नेव्हर करून टाका, स्क्रीन बंद झाली तर चालते.

मग वायर. पहिल्या पीसीला दोन रस्ते लागतात, एक नेट आत येणारा आणि एक दुसऱ्याकडे जाणारा, म्हणजे दोन लॅन कार्ड (नेटवर्कची केबल जिथे लागते ते कार्ड) किंवा एक लॅन कार्ड आणि एक यूएसबी मोडेम. दोन्ही पीसींच्या मागे लॅनच्या पोर्टवरचा दिवा लागलाय का वाकून बघा. दिवा नसेल तर विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही. दोन जुने पीसी मध्ये स्विच (अनेक केबली एकत्र जोडायचा डबा) न लावता थेट जोडले असतील तर साधी केबल बहुतेक वेळा चालत नाही, क्रॉस केबल लागते, म्हणजे एका टोकाच्या १ आणि २ नंबरच्या तारा दुसऱ्या टोकाला ३ आणि ६ वर गेलेल्या असतात. गिगाबिट, म्हणजे जास्त वेगाचं कार्ड हे आपलं आपण जुळवून घेतं, जुनं कमी वेगाचं १०/१०० वालं बऱ्याचदा नाही घेत. मध्ये स्विच असेल तर साधी केबल बरोबर. आणि जॅकची ती छोटी प्लास्टिकची क्लिप तुटली असेल तर केबल बदलाच, ती सैल होऊन अधूनमधून कनेक्शन तुटतं आणि असला बिघाड शोधायला सगळ्यात अवघड.

दिवे लागले की दुसऱ्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाईप करायची काळी खिडकी) उघडा, आयपीकॉन्फिग लिहा, एक स्पेस देऊन स्लॅश ऑल टाका आणि आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्या पीसीचा नंबर बघा, अर्ध्याच्या वर निदान इथेच होतं. पहिला एक्सपीवर असेल तर त्याचा घरच्या बाजूचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.०.१ असतो आणि दुसऱ्याला १९२.१६८.०.काहीतरी मिळायला हवा. पहिला सेव्हन असेल तर तेच १९२.१६८.१३७.१ आणि १९२.१६८.१३७.काहीतरी. याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर दुसऱ्यानं अ‍ॅड्रेस मागितला पण कोणी उत्तरच दिलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. म्हणजे दोष बहुतेक पहिल्याच्या शेअरिंगमध्ये (स्वतःचं नेट दुसऱ्याला द्यायची विंडोजची सोय), फायरवॉलमध्ये (नको ती कनेक्शन अडवणारा प्रोग्रॅम) किंवा मधल्या वायरीत. अ‍ॅड्रेस ०.०.०.० दिसला तर परत वायर बघा.

शेअरिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त चुकतात ते आपलं नेट इतरांना वापरू द्यायची टिक कुठे करायची यात. टिक दुसऱ्याकडे जाणाऱ्या लॅन कार्डावर करायची नाही, जिथून नेट येतं त्या कनेक्शनवर करायची. ब्रॉडबँडला युजरनेम पासवर्ड टाकून जोडायचं वेगळं आयकॉन असेल तर टिक त्या आयकॉनवर, ज्या कार्डात ती वायर जाते त्यावर नाही. नेटवर्क कनेक्शन्स मध्ये जाऊन प्रॉपर्टीज उघडा, एक्सपीत अ‍ॅडव्हान्स्ड नावाचा टॅब असतो, सेव्हनमध्ये शेअरिंग. मी तर दोन्ही कनेक्शनची नावंच बदलून एकाला बाहेर आणि एकाला घर असं ठेवतो, लोकल एरिया कनेक्शन आणि लोकल एरिया कनेक्शन २ यात गोंधळ होतोच होतो. टिक आधीपासून असेल तरी काढा, ओके करा, परत लावा, पुष्कळदा तेवढ्यानं सुरू होतं. दोन्ही कनेक्शन सिलेक्ट करून ब्रिज करण्याच्या फंदात पडू नका, ती वेगळी गोष्ट आहे, चुकून केला असेल तर डिलीट करा.

दुसऱ्या पीसीवर आयपी आणि डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सेवा) दोन्ही ऑटोमॅटिकवर ठेवा, कोणीतरी कधीतरी हातानं नंबर भरून ठेवलेले असतात आणि मग ते विसरलं जातं. पहिल्याच्या घरच्या कार्डालाही हातानं काही भरू नका, शेअरिंग चालू केलं की विंडोज स्वतः भरतं.

आता एक भांडण जे पटकन लक्षात येत नाही. पहिल्याला नेट मोडेम-राउटरकडून येत असेल आणि तो राउटरही १९२.१६८.०.१ च वापरत असेल, तर पहिल्याच्या दोन्ही बाजूंना एकाच गल्लीचा पत्ता झाला आणि डेटाचं पाकीट कुठल्या दारानं पाठवायचं ते त्याला कळेना. एक्सपीत हे जास्त होतं. उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.१ असा करा. पण खरं सांगू, राउटरच्या मागे एक जरी पोर्ट रिकामं असेल तर दुसरा पीसी सरळ त्यातच लावा, शेअरिंगची सगळी भानगडच नको.

अ‍ॅड्रेस बरोबर आलाय पण नेट नाही, असं असेल तर दुसऱ्यावरून पिंग करत जा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवरून छोटी हाक मारून उत्तर येतं का बघायचं. आधी पहिल्याला पिंग १९२.१६८.०.१ (पहिला सेव्हन असेल तर १९२.१६८.१३७.१), मग बाहेर पिंग ८.८.८.८, मग एखाद्या साईटचं नाव. पहिल्याला जातंय पण ८.८.८.८ ला नाही, तर शेअरिंग किंवा फायरवॉल. ८.८.८.८ ला जातंय पण नावाला नाही, तर डीएनएस, मग दुसऱ्यावर डीएनएस मध्ये तात्पुरतं ८.८.८.८ भरून बघा. पहिल्यालाच जात नसेल तर फायरवॉलनं फक्त पिंग अडवलेलं असू शकतं, म्हणून तेवढ्यावरून निकाल लावू नका. माझे स्वतःचे दोन अख्खे दिवस असेच गेलेत, पहिल्यावरच्या अँटीव्हायरसनं अपडेट झाल्यावर घरचं कार्ड आपणहून पब्लिक, म्हणजे परक्या नेटवर्कचं, धरून टाकलं होतं आणि मी मात्र केबली बदलत बसलो होतो. तेव्हापासून विंडोजचं सोडून दुसरं फायरवॉल असेल तर मी आधी ते पाच मिनिटं बंद करून बघतो, चालू झालं तर त्यात घरच्या कार्डाला ट्रस्टेड करायचं आणि फायरवॉल परत चालू करायचं, बंद ठेवायचं नाही.

काही साईट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात असं असेल आणि ब्रॉडबँड युजरनेम पासवर्डवालं असेल तर एमटीयू, म्हणजे डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त किती बाइटचं असू शकतं ते बघा. साध्या लॅनवर तो १५००, त्या कनेक्शनवर १४९२ पर्यंतच. पिंगला मायनस एफ, मायनस एल आणि १४६४ देऊन बघा, वरचे २८ हेडरचे (पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचे) धरून बरोबर १४९२ होतात. ते गेलं आणि १४७२ अडलं तर दुसऱ्याचा एमटीयू १४९२ करायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिंग सगळीकडे जातंय, तरी ब्राउझरमध्ये एरर. इथे नेट ठीक असतं, पीसी म्हातारा झालेला असतो. कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की पीसी बंद केल्यावर तारीख मागे जाते आणि मग प्रत्येक सुरक्षित साईटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, चुकीचं वाटतं. तारीख नीट करा, सेल बदला. तारीख बरोबर असूनही तेच होत असेल तर ब्राउझर जुना आहे. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला टीएलएस १.२ (साईटशी सुरक्षित बोलायची पद्धत) येत नाही आणि आता बहुतेक साईट त्याशिवाय बोलतच नाहीत. एक्सपीला चालणारं शेवटचं क्रोम ४९ आणि शेवटचं फायरफॉक्स ५२, त्यातल्या त्यात फायरफॉक्स बरं. सेव्हनवर क्रोम १०९ पर्यंत चालतं.

याच कारणानं दोघांतला जो नवा असेल त्यालाच पहिला करा, कारण बाहेरच्या जगाला तोंड तोच देतो. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, सेव्हनचे १४ जानेवारी २०२० ला, म्हणून बँकेचं काम यांच्यावर करू नका, मनापासून सांगतोय.

नेट येतं पण थोड्या थोड्या वेळानं तुटतं, असं असेल तर दोन्ही पीसींवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायला कार्ड बंद करायची टिक काढा. मग दुसऱ्यावर दोन खिडक्या उघडून एकीत पहिल्याला आणि एकीत ८.८.८.८ ला मायनस टी लावून पिंग सोडून द्या आणि अर्धा तास तसंच राहू द्या. दोन्ही एकदम तुटले तर घरातली केबल, कार्ड किंवा पहिला पीसी, आणि फक्त ८.८.८.८ वालं तुटलं तर पहिल्यावरूनही तेच पिंग लावून बघा, तिथेही तुटत असेल तर लाईनचीच तक्रार करा.