स्वे कंट्रोल हिच घेण्याआधी: वजन करा, मग बाकीचं

राहायचा ट्रेलर गाडीमागे जोडायची जोडणी ती हिच, आणि ट्रेलरचं डोलणंही आवरणारी ती स्वे कंट्रोल हिच. तिचे कॅटलॉग नंतर उघडा. आधी ट्रेलरमध्ये प्रवासाला नेणार ते सगळं सामान भरा, पाण्याची टाकी जितकी भरून नेणार तितकी भरा, गॅसच्या टाक्या आणि बॅटरी जागेवर ठेवा, आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा (टंगचा) कपलर हिचच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, किती भार टाकतो ते मोजा. हेच टंग वेट. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. मागच्या वेळी मी तोच आकडा धरून हिच घेतली. हिचचे स्प्रिंग बार, म्हणजे भार वाटून देणाऱ्या दांड्या, कमी ताकदीचे निघाले, गाडी मागून खाली बसली, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर हेलकावे खायचा. म्हणून पुन्हा सांगते: भरलेल्या ट्रेलरचं, तुमच्याच सामानासकटचं वजन.

फरक किती पडतो ते बघा. 20 पौंडांची गॅसची टाकी भरल्यावर सुमारे 37 पौंडांची होते, कारण 20 हे आतल्या गॅसचं वजन. अशा दोन टाक्या आणि बॅटरी थेट ए-फ्रेमवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर, बसतात, म्हणजे तो भार जवळजवळ सगळाच टंगवर येतो. पुढच्या कप्प्यात खुर्च्या, पाइप, अवजारं. पाणी लिटरला एक किलो. टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर टंग जड होते, मागे असेल तर हलकी. माहितीपत्रकात 480 पौंड लिहिलेलं असलं तरी निघताना ते सहज 700 होऊ शकतं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के टंगवर हवेत. म्हणजे 6,000 पौंडांच्या ट्रेलरला 600 ते 900.

मोजायचं कसं? ट्रकच्या वजनकाट्यावर दोन फेऱ्या करा. एकदा ट्रेलर जोडून (स्प्रिंग बार न लावता), एकदा ट्रेलर सोडून. गाडीत दोन्ही वेळा तीच माणसं, तेच सामान. पहिल्या फेरीतल्या गाडीच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज करा, त्यातून दुसऱ्या फेरीचं वजन वजा करा, टंग वेट हाती येतं. काट्यापर्यंत जाणं जमत नसेल तर माणसं वजन करतात तो साधा काटाही चालतो. एका टोकाला काट्याइतक्याच उंचीची वीट, दुसऱ्या टोकाला काटा, मध्ये तीन फुटांचं अंतर, वर भक्कम लाकडी वासा. विटेपासून एक फुटावर वाशावर टंग टेकवा आणि काट्यावरच्या आकड्याला तीनने गुणा. नुसत्या वाशाने काटा किती दाखवतो ते आधी बघून गुणण्यापूर्वी वजा करा. ट्रेलर समपातळीत हवा आणि चाकांना ठोकळे घट्ट लावलेले हवेत.

आता गाडी. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. टंग वेट त्यातूनच वजा होतं, आणि हिचचं स्वतःचं वजनही. ते 80–100 पौंडही असू शकतं, ते विसरू नका. 700 टंगचे, 80 हिचचे, चार माणसांचे 600: कित्येक एसयूव्हींची मर्यादा इथेच संपते, डिकी अजून रिकामीच असते. "माझी गाडी 7,500 पौंड ओढते" हे वाक्य या हिशेबात कामाचं नाही. रिसीव्हरवरचं (गाडीमागची चौकोनी नळी, तिच्यात हिच बसते) स्टिकरही वाचा: वेट डिस्ट्रिब्यूशनशिवाय, म्हणजे स्प्रिंग बारने भार वाटल्याशिवाय, एक मर्यादा असते, त्यासह दुसरी. गाडीच्या पुस्तिकेत वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वापरू नका असं लिहिलेलं असेल तर दुसऱ्या कुणाचा सल्ला घेऊ नका, पुस्तिकेचं ऐका.

हिच निवडताना दोन कामं वेगळी धरा, कारण दुकानात ती सर्रास एक करून सांगतात. स्प्रिंग बार मागच्या ॲक्सलवरचा भार थोडा पुढच्या ॲक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. ट्रेलरचं बॉलभोवती डावी-उजवीकडे डोलणं आवरणं हे वेगळं काम. फक्त स्प्रिंग बार असलेली हिच घेतलीत तर दुसरं काम झालेलं नसतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बाजूला जोडायचा, घर्षणाने डोलणं दाबणारा एक फ्रिक्शन बार. लहान, हलक्या ट्रेलरला तो पुरतो. पण तो वळून मागे घेताना काढावा लागतो, निसरड्या रस्त्यावर सैल करावा लागतो, आणि ही कामं रोज कोण लक्षात ठेवतं? लांब ट्रेलरला मी तो सुचवणार नाही. त्यापुढे दोन्ही कामं एकत्र करणाऱ्या हिच येतात. इक्वलायझरमध्ये बार हेडमध्ये (बॉल बसतो त्या भागात) आणि ए-फ्रेमवरच्या ब्रॅकेटवर घासतात, त्या घर्षणाने डोलणं दबतं. रीसच्या ड्युअल कॅममध्ये बारचं टोक कॅमवर, म्हणजे गोलसर उंचवट्यावर, बसतं आणि ट्रेलरला सरळ रेषेत परत आणतं. अँडरसनमध्ये बारऐवजी साखळ्या असतात, वजनाला हलकी. बहुतेकांनी यातलीच एखादी घ्यावी. हेन्सली आणि प्रोप्राइड यांचं तत्त्वच वेगळं: दांड्यांच्या जोडणीमुळे ट्रेलर फिरण्याचा बिंदू बॉलवरून पुढे, गाडीच्या मागच्या ॲक्सलकडे सरकतो, त्यामुळे बाजूने वारा लागला तरी ट्रेलर गाडीचं शेपूट ढकलू शकत नाही. त्या खूप महाग आणि जड आहेत. ट्रेलर लांब आणि गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड असेल तरच तो खर्च पटतो.

मग बारची क्षमता, आणि इथे परत तोच आकडा. इक्वलायझरवर 600/6000, 1000/10000 असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा टंग वेटचा, दुसरा ट्रेलरच्या वजनाचा. पहिल्याकडे आधी बघा. मोजलेल्या टंग वेटमध्ये गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेलं सामानही मिळवा. क्षमता या बेरजेपेक्षा वर हवी, पण उगाच दुप्पट नको. फार ताठ बार दणके देतात आणि फ्रेमवर ताण आणतात. हे सगळं गणित मोजलेल्या आकड्यावर उभं आहे. छापलेल्या नाही, मोजलेल्या.

मापं: बॉल 2 इंची की 2 5/16 इंची, ते कपलरवर कोरलेलं असतं. शँकची, म्हणजे रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या दांड्याची, जाडी रिसीव्हरप्रमाणे. ट्रेलर समपातळीत ठेवून कपलरची उंची आणि रिसीव्हरची उंची मोजा, त्यावरून शँक किती खाली किंवा वर हवा ते ठरतं. ए-फ्रेमवर ब्रॅकेट बसतील तिथे गॅसचा ट्रे किंवा बॅटरीची पेटी आडवी येते का, ते ऑर्डर देण्याआधी टेप लावून बघा. ट्रेलरला सर्ज ब्रेक (ट्रेलर गाडीला ढकलू लागला की आपोआप लागणारे) असतील तर ती हिच चालेल का हे बनवणाऱ्यालाच विचारा.

बसवताना पुढच्या मडगार्डच्या कडेची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा: ट्रेलर जोडण्याआधी, जोडल्यावर बारशिवाय, मग बार लावून. जोडल्यावर पुढची बाजू उचलली जाते. बारने ती किती परत आणायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. मूळ उंचीच्याही खाली आणू नका. मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडीचं शेपूट सुटतं.

एक इशारा. चुकीच्या भरलेल्या ट्रेलरला कुठलीही हिच सुधारत नाही. टंग हलकी आणि मागचं टोक जड असलं की एका ठरावीक वेगानंतर डोलणं आपोआप विरत नाही, वाढत जातं. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावलात तर टंग वेट पुन्हा मोजा. पाण्याची टाकी रिकामी करून परतणार असाल तरी पुन्हा मोजा. आणि ट्रेलर डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने झुंजू नका: ॲक्सलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा. तो कंट्रोलर डोळे मिटून हाताला सापडला पाहिजे.

टायरची हवा थंड असताना बघा. ट्रेलरच्या टायरची वेगमर्यादा वेगळी असते, ती वाचा. सुरक्षेच्या साखळ्या कपलरखालून फुली करून. ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीला नाही, गाडीला. पिना. दिवे. ग्रीस कुठे लावायचं, कुठे नाही, ते हिचच्या पुस्तिकेत. पहिल्या थोड्या अंतरानंतर थांबा, सगळे नटबोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा.