जुन्या होंडा सिटीत शॉर्ट-थ्रो शिफ्टर बसवताय? या चुका टाळा

१९९८ ते २००३ या काळातली पहिली होंडा सिटी, त्यातही व्हीटेक इंजिनवाली, आजही पुण्या-मुंबईत जीव लावून सांभाळली जाते. शॉर्ट-थ्रो शिफ्टर, म्हणजे गियर बदलताना हाताला कमी अंतर हलवावी लागणारी दांडी, हा या गाडीला खरोखर शोभणारा बदल आहे. पण गाडी वीस-पंचवीस वर्षांची आहे हे विसरून तो बसवला जातो, आणि मग दोष किटला किंवा गियरबॉक्सला दिला जातो. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्या पुन्हा पुन्हा होतात, आणि जवळपास सगळ्या घाईपोटी होतात.

आधी रचना समजून घ्या. गियरच्या दांडीला एक गोळा असतो, तो प्लास्टिकच्या वाटीत फिरतो. गोळ्याच्या खालचं टोक बोल्टने शिफ्ट रॉडला जोडलेलं असतं आणि हा रॉड थेट गियरबॉक्सच्या शाफ्टला जातो. त्याच्या जोडीला दुसरा जाड रॉड असतो, एक्स्टेंशन रॉड. इंजिन हललं तरी दांडीची बैठक गियरबॉक्सबरोबर हलावी म्हणून तो असतो. केबल कुठेच नाही. त्यामुळे पुढच्या सिटी झेडएक्ससाठी मिळणारं काहीही इथे चालत नाही, ती गाडी केबलवर आहे.

बुश तसेच ठेवून किट बसवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

दांडी ढिली झाली, न्यूट्रलमध्ये लोंबकळायला लागली, तिसरा शोधावा लागतो, अशी तक्रार असली की लोक शॉर्ट शिफ्टर मागवतात. पण ढिलेपणा दांडीत नसतोच. तो दांडीच्या खालच्या टोकाच्या दोन बुशमध्ये (जोडात बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांमध्ये), गोळ्याच्या वाटीत आणि एक्स्टेंशन रॉडच्या दोन्ही टोकांच्या रबरात असतो. नवीन दांडी टाकली तरी तो तिथेच राहतो. फसगत अशी होते की एकूण चाल कमी झाल्याने ढिलेपणाही डोळ्याला कमी दिसतो आणि काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात चालीचा जेवढा हिस्सा आधी वाया जात होता तेवढाच आताही जातो.

तपासायला दोन माणसं लागतात. इंजिन बंद, गाडी स्टँडवर, गियर तिसरा. एकाने आत बसून नॉब हलवायचा, दुसऱ्याने खाली टॉर्च घेऊन बघायचं. दांडीचं टोक हलतंय पण शिफ्ट रॉड जागचा हलत नाही, तर खालचे बुश गेले. रॉड हलतोय पण गियरबॉक्सचा शाफ्ट हलत नाही, तर तिकडचा पिनचा जोड ढिला. दांडीची पूर्ण बैठकच पुढे-मागे होतेय, तर एक्स्टेंशन रॉडचं रबर फाटलंय. पाच मिनिटांचं काम आहे, पण किट मागवण्याआधी ते कुणी करत नाही.

माझं मत सरळ आहे: आधी सगळे बुश आणि वाटी बदला आणि आठवडाभर मूळ दांडीवरच गाडी चालवा. बऱ्याच जणांना त्यानंतर शॉर्ट शिफ्टरची गरज वाटत नाही. वाटलीच तर तो आता चांगल्या पायावर बसेल.

तयार बुश मिळाले नाहीत तर लेथवर नायलॉन किंवा डेल्रिन या कडक प्लास्टिकचे करून घेता येतात. फक्त एक गोष्ट टर्नरला नीट समजावून सांगा. बोल्ट ज्या लोखंडी नळीतून जातो ती नळी, दोन्ही बुश बसवल्यावर, त्यांच्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर लांब राहिली पाहिजे. बोल्ट नळीवर आवळला जायला हवा, बुशवर नाही. बुश नळीपेक्षा लांब निघाले तर बोल्ट आवळताच दांडी जाम होते, गियरमधून काढल्यावर मधे परत येत नाही. मग बोल्ट थोडा ढिला ठेवायचा उपाय सुचवला जातो. तो बोल्ट पुढे रस्त्यात कुठेतरी गळून पडतो. एक्स्टेंशन रॉडला मात्र मूळ रबरच घाला. पितळेचे किंवा कडक पॉलियुरेथेनचे बुश घातले की इंजिनाची थरथर थेट हातात येते.

हीट शील्डची जागा न मोजणं

शॉर्ट शिफ्टरमध्ये गोळ्याखालचा भाग मूळ दांडीपेक्षा लांब असतो. तो खाली जास्त उतरतो आणि जास्त फिरतो. त्याच्या खाली सायलेन्सरचा पाइप आणि त्यावर उष्णता अडवणारं पत्र्याचं हीट शील्ड आहे. दांडी पुढे ढकलली की खालचं टोक मागे जातं, आणि अडतं ते तिथेच.

एका २००१ च्या सिटीचं उदाहरण देतो. किट बसवल्यावर महिनाभरात उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तिसरा गियर सुटायला लागला. गॅरेजने सिंक्रो रिंग (गियर पडताना वेग जुळवणारी रिंग) गेली म्हणून गियरबॉक्स उतरवला, उघडला, रिंगा बदलल्या, परत चढवला. गियर सुटायचा थांबला नाही. शेवटी एकाने खाली वाकून बघितलं, तर हीट शील्डवर नखाएवढी चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ होती. दांडीचं टोक रोज तिथे घासत होतं. गियर पूर्ण बसायच्या आधीच दांडी पत्र्यावर थांबत होती, त्यामुळे आतली स्लीव्ह (गियर शाफ्टला जोडणारी कडी) गियरच्या दातांवर अर्धीच चढत होती. पत्रा दोन ठोक्यांत आत दाबला आणि गियर बसायला लागला. पण तोवर अर्ध्या बसलेल्या गियरवर गाडी इतकी चालली होती की दातांच्या कडा गोल झाल्या होत्या. गियरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला.

यातून ओळखण्याची खूण लक्षात ठेवा. त्या गाडीचा पहिला आणि पाचवाही नीट बसत नव्हता, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पहिला, तिसरा, पाचवा हे दांडी पुढे ढकलून पडणारे सगळे गियर त्रास देतायत आणि दुसरा-चौथा ठीक आहेत, तर दोष गियरबॉक्सच्या बाहेर शोधा. एकच गियर सुटतोय, तर आत शोधा. गियरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं बघणं प्रत्येक मिस्त्रीचं कर्तव्य आहे.

जागा किती हवी? रिव्हर्स धरून सहाही गियर टाकून बघा, दांडीचं टोक आणि पत्रा यांत कुठेही ८ ते १० मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. उभ्या गाडीत ३ मिलिमीटर दिसले म्हणून समाधान मानू नका, जोर लागला की इंजिन आणि सायलेन्सर दोन्ही हलतात. दिसत नसेल तर शील्डवर ओल्या मातीचा गोळा ठेवा, गियर फिरवा, किती दबला ते बघा. जागा कमी पडली तर शील्ड दाबा किंवा वॉशर घालून खाली घ्या. कापून टाकू नका, वरचं रबर आणि कार्पेट भाजेल.

खालून लांब, वरून छोटी

अधीर नवशिक्यांचं हे आवडतं काम. किट तर बसवायचंच, वर दांडीही दोन इंच कापायची. आकडे मांडून बघा. समजा गोळ्याच्या वर दांडी ३०० मिलिमीटर आणि खाली ४० आहे. प्रमाण झालं ७.५. शिफ्ट रॉड १० मिलिमीटर सरकवायला नॉब ७५ मिलिमीटर हलतो. खालचा भाग ५२ केला तर नॉब सुमारे ५८ मिलिमीटर हलेल आणि हाताला जोर ३० टक्के जास्त लागेल. हे चालतं, गाडी छान वाटते. त्यावर वरचा भाग २४० केला तर चाल ४६ वर येते, पण जोर मूळच्यापेक्षा सुमारे ६२ टक्के जास्त, म्हणजे १.६ पटीहून वर जातो. सकाळी गार तेलात दुसरा टाकताना मनगटाला कळतं.

आणखी एक गोष्ट किटच्या खोक्यावर लिहिलेली नसते. या रचनेत खालचा भाग लांब केल्याने पुढे-मागची चाल कमी होते, डावी-उजवी जवळपास तेवढीच राहते, कारण बाजूला कलवताना रॉड फक्त स्वतःभोवती फिरतो. हाताला नवं प्रमाण बसेपर्यंत पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडू शकतो. वेगात हे झालं तर क्लच सोडताच इंजिन मर्यादेच्या कितीतरी वर फिरतं आणि व्हॉल्व वाकतात. पहिले काही दिवस रिकाम्या रस्त्यावर शांतपणे चालवा.

आणि हो, गियरबॉक्सच्या आतली चाल एक केसभरही कमी झालेली नसते. सिंक्रो रिंगला दोन्ही वेग जुळवायला आधी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आताही लागतो. हाताचं अंतर कमी झालं म्हणून गियर झटक्यात कोंबला तर खरखर होणारच.

गरज नसताना पिन काढणं

गियरबॉक्सच्या बाजूला शिफ्ट रॉड ८ मिलिमीटरच्या स्प्रिंग पिनने बसवलेला असतो. शॉर्ट शिफ्टर बसवायला ही पिन काढावी लागत नाही. खालचा बोल्ट काढा, एक्स्टेंशन रॉडची मागची बैठक सोडवा, दांडी मोकळी होते. तिकडचा जोड ढिला असेल तरच पिनीला हात लावा.

काढायचीच असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, बरोबर मापाचा पंच वापरा आणि ठोकताना मागे जड लोखंडाचा आधार द्या, नाहीतर सगळे ठोके शाफ्टच्या ऑइल सीलला बसतात. परत बसवताना पिन नवी आणि वरची क्लिप जागेवर हवी. पिनीऐवजी नट-बोल्ट घालणाऱ्यांना हात जोडून सांगतो, घालू नका. स्प्रिंग पिन भोकात ताणून बसते, बोल्ट बसत नाही. आधी भोक लंबगोल होतं, मग बोल्ट तुटतो, आणि दांडी हातात लुळी पडते. त्या क्षणी जो गियर असेल त्यातच गाडी अडकते, मग मागे ट्रक असो की घाटातलं वळण.

बाकीच्या, थोडक्यात

दांडी वेल्डिंग करून लांबवू नका. वेल्डच्या शेजारीच ती तुटते, आणि ताप गोळ्यापर्यंत गेला की वाटी वितळते.

सिव्हिकचं किट म्हणजे सिटीला बसेलच असं नाही. गोळ्याचा व्यास, खालच्या भोकाचं माप आणि वाक कुठे आहे, हे जुन्या दांडीशेजारी ठेवून मोजा. नॉबचे आटे होंडाचे एम१०×१.५ आहेत.

गियर जड जातो म्हणून ९० नंबरचं तेल ओतू नका. जाड तेलात सिंक्रो रिंग सकाळी पकडतच नाही, आणि डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ तेलातली द्रव्यं पितळी रिंगांना मानवत नाहीत. होंडाचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गियरबॉक्सचं तेल, घाला, भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत.

बुशना आणि ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

खालचं रबरी बूट फाटलं असेल तर नवं टाका. पावसाळ्यात चिखल थेट वाटीत जातो, आणि सायलेन्सर गळत असेल तर विषारी धूर केबिनमध्ये येतो.

इंजिन चालू असताना गियर पडत नाही आणि बंद असताना लोण्यासारखा पडतो, तर क्लच बघा. शिफ्टरचा त्यात काही संबंध नाही. रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल तरीही तेच.

जोरात पळवताना दांडी स्वतःहून सरकत असेल तर इंजिनाचे माउंटिंग तपासा, आधी मागचं.

बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गियर, मग चालू करून सगळे गियर, मग दहा-बारा किलोमीटरची फेरी, आणि परत आल्यावर सायलेन्सर गार झाला की खाली जाऊन प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावा.