लाय, ले, लेड: इंग्रजीच्या बारक्या शब्दांबद्दल, तयारीला नव्याने लागलेल्यांसाठी

नागपुरात अभ्यासिका लावून स्टाफ सिलेक्शनच्या मागे लागलेल्या कुठल्याही पोराची वही उघडा. मागच्या पानांवर जाडजूड इंग्रजी शब्दांची यादी हमखास सापडते. मॅग्नॅनिमस, अबॉमिनेबल, असलं काहीबाही, समोर हिरव्या पेनाने मराठी अर्थ. असू द्या यादी, वाया जात नाही. पण मार्क तिथे जात नाहीत. मार्क जातात तीन-चार अक्षरांच्या शब्दांत, जे आपल्याला शाळेपासून येतात असं आपण धरून चाललेलो असतो.

पॅटर्न तुम्हाला माहीत आहे, तरी हिशोब एकदा डोळ्यांसमोर ठेवा. सीजीएल, म्हणजे स्टाफ सिलेक्शनची पदवीधरांसाठीची परीक्षा, तिच्या टियर वनला, पहिल्या टप्प्याला, इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० मार्क, चुकला की अर्धा वजा. टियर टूला ४५ प्रश्न, प्रत्येकी ३, चुकला की सरळ १ गेला. म्हणजे टियर टूला बरोबर आणि चूक यात ४ मार्कांचं अंतर. अवघड शब्द दिसला तर माणूस निदान प्रश्न सोडून तरी देतो. सोपा दिसला की सोडून द्यावासा वाटत नाही, हात आपोआप पर्यायावर जातो.

मी काटोलकडचा, मराठी माध्यमाचा. राज्याने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, त्यानंतरच्या लगेचच्या बॅचमधला. आमच्याकडे क्रियापदाची तीन रूपं पाढ्यांसारखी पाठ करून घेतली. गो, वेंट, गॉन. सुरात म्हणायची, पुढे जायचं. कुठलं रूप कशासाठी हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. पुढे नागपूरला आल्यावर क्लासच्या सरांनी समोर बसलेल्या दोनशे जणांना हे येतंच असं गृहीत धरलं. तुमचंही थोड्याफार फरकाने असंच झालं असेल, तर हे वाचा. कॉन्व्हेंटवाल्यांनी वाचलं तरी चालेल, तेही इथे पडतात.

आधी सोपं निपटून टाकतो. काही जोड्यांत फक्त स्पेलिंगचा घोळ असतो. 'लूझ', म्हणजे हरवणे, यात एकच ओ. 'लूस', म्हणजे ढिला, यात दोन. हरवणाऱ्याचा एक ओ हरवलाय, एवढी ट्रिक पुरे. 'क्वाएट' आणि 'क्वाइट' यांत शेवटच्या ई आणि टीची अदलाबदल. 'लीड' म्हणजे नेतृत्व करणे, त्याचा भूतकाळ एल-ई-डी, बल्बवाला. मध्ये ए ठेवलात की शिसं झालं. अशा जागी ट्रिका चालतात, मी त्यांच्या विरोधात नाही.

'अडॉप्ट' आणि 'अडॅप्ट' मात्र ट्रिकने करू नका. संविधानाची उद्देशिका इंग्रजीतून तुम्हाला पाठ असेलच. त्यात शेवटी 'अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ज' येतं. आपण संविधान निवडून, स्वीकारून घेतलं, म्हणून अडॉप्ट. पोटात 'ऑप्ट' आहे, म्हणजे निवडणे. दुसऱ्याच्या पोटात 'ॲप्ट' आहे, म्हणजे योग्य, जुळणारा. ॲप्टिट्यूड टेस्टमधला तोच. बाहेरून आलेला माणूस नागपूरच्या मे महिन्याशी जुळवून घेतो, तो अडॅप्ट. 'इनेप्ट' म्हणजे बावळट, ज्याला काही जमत नाही असा; तो याच ॲप्टचा नकार, फक्त ए बदलून ई झालाय. पोटातला छोटा शब्द ओळखला की चार शब्द एकदम सुटतात.

यावरून कोणी लगेच म्हणेल, मग अक्षरांवरूनच अर्थ काढू. क्लासमध्ये ही ट्रिक फार जोरात चालते. जीएलने सुरू झाला की उजेड: ग्लो, ग्लीम, ग्लेअर, ग्लिटर. एसएनने सुरू झाला की नाक: स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नाउट. हे अगदीच खोटं नाही, भाषाशास्त्रवाल्यांनीही या गोष्टीची दखल घेतली आहे. पण पेपर काढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो 'ग्लीम'च्या शेजारी 'ग्लीन' ठेवतो. एमचा एन झाला, आणि अर्थ झाला वेचून गोळा करणे. 'ग्लम' म्हणजे उदास, उजेडाच्या अगदी उलट. 'ग्लिब' म्हणजे तोंडाचा चोपडा. आणि मृग बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात एकाच वेळी येऊन पडतात, भाव कोसळतो, तो 'ग्लट'. ट्रिकवर विसंबलेला पोरगा इथे चारही ठिकाणी दिवा लावून बसतो.

आता ज्यात मी सगळ्यात जास्त अडकून राहिलो त्या सापळ्याकडे येतो. इथे थोडं लांबण लागेल, कंटाळू नका.

काही बारक्या शब्दांत एकाचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा वर्तमानकाळ असतो. अक्षर न अक्षर तेच. 'लाय' म्हणजे आडवं पडणे, पडून असणे, गाव असेल तर वसलेलं असणे. त्याची रूपं लाय, ले, लेन. चालू रूप लाइंग. 'ले' म्हणजे ठेवणे, घालणे, अंथरणे. त्याची रूपं ले, लेड, लेड. चालू रूप लेइंग. पहिल्याचं मधलं आणि दुसऱ्याचं पहिलं, दोन्ही एल-ए-वाय. वरून एक तिसरा 'लाय' आहे, खोटं बोलणे, तो सरळ आहे: लाय, लाइड, लाइड.

काल तो दुपारभर खाटेवर पडून होता, याचं इंग्रजी 'ही ले ऑन द कॉट'. कानाला चुकीचं लागतं ना? 'ही लेड ऑन द कॉट' बरं वाटतं, कारण भूतकाळ म्हटला की आपल्याला शेवटी ड हवा असतो. एरर शोधायच्या प्रश्नात नेमका हाच भाग देतात, आणि आपण 'नो एरर' करून पुढे जातो. नियम मी वाचलेले होते, पाठही होते. डोक्यात बसले ते वेगळ्याच कारणाने. अभ्यासिकेत मी मोठ्याने 'ही लेड ऑन द बेड' वाचलं, तर शेजारचा उमरेडचा पोट्टा मान वर न करता म्हणाला, "काय घातलं बे त्यानं पलंगावर, अंडं?"

तेवढंच आहे ते. 'लेड' म्हटलं की काय ठेवलं, काय घातलं, हे विचारता आलं पाहिजे. कोंबडीने अंडी घातली, गवंड्याने विटा रचल्या, पाहुण्यांनी पाया घातला, हे सगळं लेड. विचारल्यावर उत्तरच नाही, माणूस नुसता पडलाय, तर ले. फाईल टेबलावर पडून आहे, 'लाइंग'. तिथे 'लेइंग' लिहिलंत तर फाईल अंडी घालते आहे.

आणि हे आपल्याला परकं नाही, हे मला फार उशिरा कळलं. मराठीत पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तुटणे आणि तोडणे. एक आपोआप होतं, दुसरं कोणीतरी करतं. आतला स्वर बदलला की काम झालं. तिसरीतलं पोरगंही यात चुकत नाही. इंग्रजीतही जुन्या काळी हीच सोय होती, तिचे चार-सहा तुकडे शिल्लक राहिले आहेत. 'फॉल' म्हणजे पडणे, 'फेल', एफ-ई आणि दोन एल, म्हणजे पाडणे. 'सिट' बसणे, 'सेट' बसवणे. 'राइज' उठणे, वाढणे. 'रेझ' उठवणे, वाढवणे. 'लाय' आणि 'ले' याच घरातले. 'ड्रिंक' आणि 'ड्रेंच' हीसुद्धा मुळात पिणे आणि पाजणे अशी जोडी. आज ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे, पण जनावराला तोंडातून औषध पाजतात त्याला अजूनही ड्रेंचिंगच म्हणतात.

बाकी ठिकाणी इंग्रजीने हा भेद सोडून दिला. 'ब्रेक' म्हणजे तुटणेही आणि तोडणेही, 'बॉइल' म्हणजे उकळणेही आणि उकळवणेही. म्हणून धास्ती घेऊ नका, पाठ करायच्या जोड्या मूठभर आहेत, एका बैठकीत होतात.

'फेल'चं बघा. वादळात झाड पडलं: 'द ट्री फेल'. हा फॉलचा भूतकाळ. ठेकेदाराने झाड पाडलं: 'ही फेल्ड द ट्री'. फेल, फेल्ड, फेल्ड. नागपुरातल्या अजनी वनातली झाडं तोडायला विरोध झाला, त्या दिवसांत 'ट्री फेलिंग' हे शब्द इंग्रजी बातम्यांत सारखे दिसायचे. मी ते वाचून झाडं पडतात म्हणजे 'फॉलिंग' असं मनात दुरुस्त करून पुढे जायचो. दुरुस्ती मला हवी होती, बातमीला नाही. भावांचंही तसंच. भाव वाढले तर 'रोझ', दुकानदाराने वाढवले तर 'रेझ्ड'. प्रश्न उद्भवला तर 'अरोझ', संशय जागवला तर 'अराउझ्ड'.

आता यातच दुसरा खड्डा. कर्म पुढे आहे की नाही, एवढंच बघायला शिकलात तर पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी वाक्यात, आपटाल. 'द फाउंडेशन वॉज लेड' यात क्रियापदापुढे काहीच नाही. म्हणून पोरं तिथे 'लेन' टाकतात, तेवढंच भारी वाटतं म्हणून. इथे कर्म उडी मारून वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसलंय, तोच कर्ता दिसतोय. पाया स्वतःहून पडून राहिला नाही, कोणीतरी घातला. 'लेन' कधीही 'वॉज'च्या मागे येत नाही, तो 'हॅज', 'हॅव', 'हॅड' यांच्याच मागे येतो. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि 'सेट'ला थोडी सूट द्या. सूर्य मावळतो तेव्हा 'सन सेट्स', तिथे कोणी त्याला बसवत नाही. सिमेंट सेट होतं, तेही असंच.

काही जोड्या या घरातल्या नाहीत, पण सापळा तोच. 'फाइंड'चा भूतकाळ 'फाउंड', सापडला. आणि 'फाउंड' हे स्वतःच एक क्रियापद आहे, स्थापना करणे, त्याचा भूतकाळ 'फाउंडेड'. नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलं, साल १७०२ मानतात. तिथे 'वॉज फाउंडेड बाय' लागतं. 'वॉज फाउंड बाय' लिहिलंत तर राजाला नागपूर वाटेत पडलेलं सापडलं. 'वाइंड' म्हणजे गुंडाळणे, त्याचा भूतकाळ 'वाउंड'. त्याच अक्षरांचा 'वूंड' म्हणजे जखम करणे, त्याचा 'वूंडेड'. 'ग्राइंड'चा 'ग्राउंड'. 'सी'चा 'सॉ', आणि 'सॉ' म्हणजे करवतीने कापणेही. 'हँग'चं उलट आहे, एकाच शब्दाचे दोन भूतकाळ: चित्र टांगलं तर 'हंग', माणसाला फाशी दिली तर 'हँग्ड'. पेपर काढणाऱ्यांना हे फार आवडतं.

मार्गदर्शकांबद्दल माझं एक मत आहे, कोणाला लागलं तर लागू दे. जो सर 'हा नियम लिहून घ्या' म्हणतो आणि स्वतः एकही वाक्य करून दाखवत नाही, त्याच्या बॅचची फी वाचवा. टेलिग्रामवर पीडीएफ जमवणाऱ्यांचं तर काय सांगावं. फोनमध्ये जागा संपते, डोक्यात तशीच रिकामी राहते. अभ्यासिकेतला एक टोमणे मारणारा पार्टनर या सगळ्यांपेक्षा कामाचा.

आणि हेही सांगतो, तुम्ही मंद नाही. ज्यांची ही मातृभाषा आहे तेही बोलताना 'ले'च्या जागी 'लेड' सर्रास वापरतात, त्यांना कोणी मार्क कापत नाही. तुमचे कापतात, म्हणून तुम्हाला येणं भाग आहे.

सराव कसा करायचा? जोडी समोरासमोर लिहा, खाली दोन्हींची तिन्ही रूपं, आणि प्रत्येक रूपाचं एक वाक्य आपल्या आसपासचं. पुस्तकातली वाक्यं उतरवू नका, ती डोळ्यांनी वाचली जातात आणि विसरली जातात. झिरो माइल कुठे वसलंय, महालातल्या घरात छत कोणी घातलं, असली लिहा. जुने पेपर सोडवताना चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर वाचून थांबू नका, ते वाक्य जोडीतल्या दुसऱ्या शब्दासाठी फिरवून लिहा. रोज हितवाद या इंग्रजी पेपरचं एखादं पान वाचा. १९११ पासून इथूनच निघतो, इंग्रजी पेपरांत तुमच्या ओळखीच्या रस्त्यांची नावं आली की शब्द पटकन धरतात.

डिक्शनरी मात्र नुसती इंग्रजी-मराठी वापरू नका. परदेशी विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या लर्नर्स डिक्शनरीत क्रियापदाच्या पुढे ते सकर्मक की अकर्मक, याची खूण असते. कुठे टी (सकर्मक) आणि आय (अकर्मक) अशी अक्षरं, कुठे पूर्ण शब्द. कोणी बघत नाही तिकडे. अर्थाच्या आधी ती खूण बघायची सवय लावली की वरचा निम्मा लेख तुम्हाला लागणार नाही. नवी महाग वाटली तर सीताबर्डीला जुन्या पुस्तकवाल्यांकडे स्वस्तात मिळते. घेताना फक्त एल अक्षराची पानं जागेवर आहेत ना, ते उघडून बघा.