ग्रुपवरचा माणूस खासगीत मदत मागतो तेव्हा या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्याच्या जमिनीच्या उताऱ्याचा प्रश्न सोडवला की त्याच रात्री खासगीत मेसेज सुरू होतात: "दादा, जरा आमचाबी बघा की." कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी माणसाला कानडी उतारा वाचता येत नाही, म्हणून हे होणारच.

पहिली चूक म्हणजे लगेच उत्तर देणं. "साइटवर उतारा दिसत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. आधी तालुका, होबळी (तालुक्यातला काही गावांचा महसुली गट), गाव, सर्व्हे नंबर आणि स्क्रीनवर नेमकं काय येतंय ते विचारा. होबळी चुकली तर यादीत गावच सापडत नाही. सर्व्हे नंबरनंतर येणाऱ्या खान्यात बहुतेक वेळा नुसती चांदणी (*) असते. ती निवडल्याशिवाय हिस्सा नंबर उघडत नाही. निम्मे लोक इथंच अडतात.

प्रश्न असा सगळ्यांच्या कामाचा असेल तर विचारणाऱ्याची परवानगी घेऊन, नाव काढून, तो ग्रुपवरच टाका. खासगीत आपलं उत्तर चुकलं तर दुरुस्त करायला तिसरं कुणी नसतं. ग्रुपवरचं उत्तर ३० दिवसांसाठी पिन करता येतं, म्हणजे तेच दहादा लिहावं लागत नाही.

उताऱ्याचा फोटो मात्र ग्रुपवर नको. त्यात भाऊबंदांची नावं आणि कर्ज असतं. नवव्या रकान्यात मालक आणि अकराव्यात बोजा, एवढं वाचून दाखवा. "माझं नाव का नाही?" हा वादाचा प्रश्न. तिथं वकील किंवा तहसीलदार कचेरी.

सगळ्यात महागात पडते ती भिडेची चूक. काका ओळखीचे म्हणून त्यांचा अर्ज आपल्या मोबाइल नंबरवर भरला, की पुढचे सगळे मेसेज आपल्याकडे येतात आणि अर्ज कुठं अडला हे काकांना कळतच नाही. आधार, ओटीपी मागू नका, आपणहून पाठवला तरी वापरू नका. आधार लागलंच तर शेवटचे ४ अंक दिसणारं झाकलेलं आधार पुरेसं आहे का, ते कार्यालयात विचारायला सांगा. अर्ज भरायला नाडकचेरी (होबळीचं महसूल कार्यालय) किंवा ग्राम वन हे गावातलं सरकारी सेवा केंद्र आहे. कुणी दुसऱ्याला ओटीपी देऊन पैसे गमावलेच असतील तर गप्पा नकोत, तडक १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि बँक.

वेळ नसेल तर वाचून गप्प बसू नका. निळ्या खुणा दिसतात आणि बाजारात टोमणा मिळतो. "आज जमणार नाही, ग्रुपवर विचारा" ही ओळ तयार ठेवा.