टिनिटसची "सवय होईल" म्हणतात, पण नाही झाली तर?

टिनिटस म्हणजे बाहेर काही नसताना कानात वाजणारा आवाज. कानात चोवीस तास अशी शिट्टी नाहीतर रातकिडे चालू असले की डॉक्टरपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे एकच सांगतात, सवय होईल. बऱ्याच जणांना होतेही. पण ज्यांचा आवाज मोठा आहे, रोज बदलतो, बाहेरच्या आवाजाने अजून चढतो त्यांची सवय अर्ध्यावरच अडकते आणि मग वाटतं आपणच कमी पडतोय. तसं अजिबात नाहीये. आवाजाने धडधडणं, घाबरणं, झोप उडणं कमी होणं ही एक गोष्ट आणि आवाज लक्षातच न येणं ही वेगळी. पहिलीवर मेहनत घ्या, ती बरीच साधते. दुसरीची वाट बघत बसू नका.

आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर नीट तपासणी करून घ्याच. आणि अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा, स्टेरॉइड लवकर सुरू झाले तरच फायद्याचे.

रात्री खोली एकदम शांत ठेवू नका. पंखा, मोबाईलवर पावसाचा आवाज, काहीही चालेल, फक्त टिनिटसपेक्षा थोडा हळू ठेवा. आणि त्यानेच कानातला आवाज चढत असेल तर सरळ बंद करा, सगळ्यांना हे मानवत नाही आणि "अजून ऐका, जमेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ऐकू कमी येत असेल तर हिअरिंग एड लावून बघा, बाहेरचं नीट ऐकू आलं की आतला आवाज बऱ्याचदा मागे पडतो.

सीबीटीबद्दल (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे मानसोपचार) स्पष्ट सांगते, त्याने आवाज कमी होत नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 28 अभ्यास, 2733 लोक होते, त्यात आवाजाचा त्रास कमी झालेला दिसला. तेवढं मिळालं तरी खूप आहे. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक अशा गोळ्यांवर मात्र पैसे घालू नका, अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या 2014 च्या गाईडलाईनमध्येच नको म्हटलंय.

गणपतीत डीजे, दिवाळीत फटाके, तिथे इअरप्लग हवेतच, पण घरात शांततेत दिवसभर घालून बसू नका, मेंदू आवाज अजून वाढवून घेतो.

आता स्पाइकचे दिवस, म्हणजे आवाज एकदम चढतो ते, खरी परीक्षा हीच. बऱ्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा की त्या दिवशी कोणतं काम रद्द करायचं, जेवण कोण बघणार, कोणाला फोन करायचा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. आवाज किती आहे ते दर तासाला मोजू नका, घरच्यांनाही सांगा "आज कसंय?" रोज विचारू नका, त्यापेक्षा चहा करून द्या, शेजारी बसा. आणि जगणं नको असा विचार आला तर एकटं राहू नका, घरातल्या कोणाला तरी लगेच उठवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, रात्रीही उचलतात.