फ्लोरिडात अ‍ॅलिगेटर धरायचा परवाना कसा काढायचा आणि नंतर काय काय पाळावं लागतं

अ‍ॅलिगेटरची (हा मगरीच्या जातकुळीतला प्राणी) शिकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पहिली येते बंदूक, आणि फ्लोरिडात नेमकी तीच चालत नाही. इथे सगळा खेळ टॅगचा आणि दोरीचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

1967 मध्ये अ‍ॅलिगेटर अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला होता, 1987 मध्ये सावरला म्हणून जाहीर झाला आणि 1988 पासून राज्याच्या वन्यजीव खात्याने, म्हणजे एफडब्ल्यूसीने, सामान्य लोकांसाठी हा सीझन सुरू केला. आता राज्यात अंदाजे 13 लाख आहेत, सगळ्या 67 काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत. पण म्हणून कोणीही उठून धरायला जायचं नाही, कुठल्या तळ्यातून किती काढायचे ते खातं ठरवतं. त्यासाठी रात्री बोटीतून लाइट मारून मोजणी करतात, अंधारात डोळे लाल चमकतात ना, त्यावरून. डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत जितके इंच साधारण तितके फूट लांबी, असा हिशोब, आणि तो शिकारीत तुम्हालाही कामाला येईल.

तर अर्ज. साधारण मे महिन्यात ऑनलाइन सुरू होतात, टप्प्याटप्प्याने, आणि लॉटरी लागते. 15 ऑगस्टपर्यंत 18 वर्षं पूर्ण हवीत. राज्याबाहेरचेही अर्ज करू शकतात पण फरक बघा, इथल्या रहिवाशाला सुमारे 272 डॉलर आणि बाहेरच्याला सुमारे 1,022. कार्डाचा नंबर अर्जातच द्यावा लागतो, नंबर लागला की पैसे कटले, मग ‘माझं जमत नाही’ म्हणून परत मिळत नाहीत. त्यामुळे एरिया आणि आठवडा आधी नीट बघून भरा, म्हणजे बोट कुठे उतरवता येते, रात्री ड्रायव्हिंग किती, वगैरे. नुसतं नाव ओळखीचं वाटलं म्हणून तळं निवडू नका.

परमिटसोबत दोन टॅग मिळतात, एका टॅगवर एकच अ‍ॅलिगेटर. त्याला साइटिस टॅग म्हणतात (साइटिस म्हणजे वन्यप्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार), कातडं पुढे परदेशात गेलं तरी तो कायदेशीर धरलेल्या प्राण्याचाच आहे हे त्यावरून कळतं. वेगळं हंटिंग लायसन्स लागत नाही. पण मित्र नुसता बघायला नाही तर धरायला मदत करणार असेल तर त्याचं एजंट लायसन्स, म्हणजे मदतनिसाचा परवाना, आधी काढा, नाहीतर दोघंही अडकाल.

सीझन 15 ऑगस्ट ते 1 नोव्हेंबर. पहिले चार आठवडे तुमच्या परमिटवर जो आठवडा असेल तेवढाच, टॅग उरले तर त्यानंतर शेवटपर्यंत वापरता येतात. पूर्वी दिवसाची मधली वेळ बंद असायची, आता 24 तास चालतं, तरी बहुतेक जण रात्रीच जातात.

आता पद्धत. हार्पून (दोरीचा भाला), गिग (काटेरी टोकांचा भाला), हातातला फास, स्नॅच हुक (आमिष न लावता फेकून अडकवायचा गळ), धनुष्यबाण, क्रॉसबो हे सगळं चालतं, पण प्रत्येकाला दोरी बांधलेली हवी, म्हणजे प्राणी आधी तुमच्या दोरीला लागला पाहिजे. आमिष लावलेला गळ चालत नाही, आमिष लावायचंच तर दोरीला बांधलेली छोटी लाकडी खुंटी चालते. दोरीला लागल्यावर बँग स्टिक, काठीच्या टोकाला काडतूस असतं ती. दोरीला न लागलेल्यावर ती वापरायची नाही. धरलेल्या प्राण्याची लांबी किमान 18 इंच हवी. अजून एक, दक्षिण फ्लोरिडात क्रोकोडाइलही आहेत आणि ते संरक्षित आहेत, अरुंद तोंड, राखाडी रंग दिसला की हात मागे.

मेल्यावर लगेच, म्हणजे किनाऱ्यावर जाऊन नाही, तिथेच, शेपटीच्या टोकापासून सहा इंचांच्या आत टॅग लावायचा. मेलेला वाटलेला अ‍ॅलिगेटर बोटीत जागा होतो, ही गंमत नाही हो, म्हणून आत घेण्याआधी तोंडाला टेप आणि मानेमागे मणका तोडणं, यात आळस नको. 24 तासांच्या आत रिपोर्ट भरायचा, दुसऱ्याला किंवा प्रोसेसरकडे (कातडं-मांस वेगळं करून देणाऱ्याकडे) प्राणी द्यायचा असेल तर त्याआधीच. मांस घरी खा, पण विकायचं असेल तर परवानाधारक प्रोसेसरकडूनच जावं लागतं.

लुइझियानात अगदी वेगळं आहे. तिथली दलदल बरीचशी खासगी मालकीची, त्यामुळे टॅग जमिनीच्या हिशोबाने मिळतात आणि आमिषाचा गळ तिथे सर्रास चालतो. शिवाय जंगलातली अंडी फार्मवाले गोळा करतात आणि वाढवलेल्या पिल्लांचा ठराविक हिस्सा परत दलदलीत सोडावा लागतो. मला हे डोकं जास्त आवडतं, कारण जमीनवाल्याला दलदल राखण्यातच पैसा दिसतो. पण तिथले नियम वाचून फ्लोरिडात गळ टाकाल तर केस होईल.

आणि परमिट वगैरे नको, फक्त घरामागच्या तळ्यात एक आलाय एवढीच अडचण असेल तर स्वतः काही करू नका. चार फूट किंवा मोठा आणि माणसांना, पाळीव प्राण्यांना धोका वाटत असेल तर एफडब्ल्यूसीच्या हॉटलाइनला फोन करा, ते ठरवलेला ट्रॅपर पाठवतात. दुसरीकडे नेऊन सोडत नाहीत, कारण तो परत यायला बघतो, त्यामुळे सहसा मारलाच जातो आणि कातडं-मांस ट्रॅपरचं. तोवर त्याला पाव-बिव टाकू नका, खायला घालणं हा इथे गुन्हा आहे.